वितळू न देता जोडलेली काच

दुसरे महायुद्ध संपता संपता अग्निबाणांच्या इंजिनांना एक अडचण सतत छळत होती. ज्वलनकक्षात जी आग पेटे, तिच्यापुढे कक्षाची स्वतःची भिंत टिकत नसे. कॅलिफोर्नियात पसाडीना इथल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत ज्या उपायांवर काम चालले होते, त्यांतला एक असा होता की भिंतच सच्छिद्र धातूची करावी. थंड द्रव तिच्यातून पाझरत राहील आणि जाताना उष्णता घेऊन जाईल. अशी भिंत ओतकामाने होत नाही. त्यासाठी धातूची भुकटी साच्यात दाबायची आणि वितळबिंदूच्या बरीच खाली तापवत ठेवायची. कण जिथे एकमेकांना टेकलेले असतात, तिथे अणू सरकत सरकत शेजारच्या कणाकडे जातात, टेकलेल्या जागी बारीक मान तयार होते, ती हळूहळू जाड होते आणि कण कायमचे जडतात. धातू कुठेही वितळत नाही, तरी तुकडा एकसंध होतो. हेच सिंटरिंग. भुकटी किती दाबायची आणि किती तापवायची हे हाती असले, की किती छिद्रे उरतील तेही हाती राहते.

या कामात मुरलेला माणूस म्हणजे पोल ड्युवेझ. बेल्जियममधल्या मॉन्स गावी १९०७ साली जन्मलेला, चेलो उत्तम वाजवणारा, धातुशास्त्रासाठी अमेरिकेत आलेला. हॉवर्ड मार्टेन्स यांच्यासोबत त्याने १९४८ साली सच्छिद्र धातूंच्या सिंटरिंगवर निबंध प्रसिद्ध केला. ड्युवेझचे नाव आज घेतले जाते ते धातूची काच पहिल्यांदा बनवणारा म्हणून. त्याच्या भुकटीच्या कामाचा उल्लेख क्वचितच होतो. मला मात्र या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. काच बनवताना त्याने जी अडचण मागे ठेवली, तिच्यावरचा एक उपाय त्याच्याच जुन्या विद्येत होता, आणि तो नीट अमलात यायला आणखी ३५ वर्षे जावी लागली.

१९५९-६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे कॅलटेकमध्ये, ड्युवेझ एका वेगळ्याच प्रश्नामागे लागला होता. चांदी आणि तांबे यांच्या स्फटिकांची रचना एकच, अणूंच्या आकारातही फार फरक नाही. नियमाप्रमाणे हे दोन धातू घन अवस्थेत कोणत्याही प्रमाणात एकजीव व्हायला हवेत. प्रत्यक्षात वितळलेले मिश्रण थंड होताना ते वेगळे होतात. ड्युवेझचे म्हणणे असे, की त्यांना वेगळे व्हायला वेळच दिला नाही तर? वेळ द्यायचा नाही म्हणजे द्रव इतक्या झपाट्याने गोठवायचा की अणूंना जागा बदलता येऊ नयेत. त्यासाठी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक बंदूक रचली. नळीत वितळलेल्या धातूचा चिमुकला थेंब, मागे दाबाखालचा वायू, मध्ये मायलरचा पातळ पडदा. पडदा फाटला की आघातलहर थेंबाला तांब्याच्या पट्टीवर आदळवते. थेंब पट्टीवर पसरतो आणि तांबे त्याची उष्णता खेचून घेते. सेकंदाला १० लाख अंशांच्या घरातला हा वेग होता. चांदी आणि तांबे खरोखरच एकजीव झाले.

मग इतर मिश्रणे आली. सोने आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणात, म्हणजे १०० अणूंत ७५ सोन्याचे आणि २५ सिलिकॉनचे, एक्स-किरणांच्या छायाचित्रात स्फटिकाच्या ठसठशीत रेषा दिसल्याच नाहीत. दिसली ती फक्त पसरट, धूसर वलये. द्रवाचे चित्र असते तसे. अणूंची विस्कळीत मांडणी जशी होती तशी गोठून गेली होती. विल्यम क्लेमेंट, रोनाल्ड विलेन्स आणि ड्युवेझ यांचा हा छोटेखानी वृत्तान्त ‘नेचर’मध्ये सप्टेंबर १९६० मध्ये छापून आला.

सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, सिलिकॉन १४१४ अंशांना. पण ठरावीक प्रमाणात एकत्र आले की ते मिश्रण ३६३ अंशांच्या आसपासच वितळते. हाच यशाचा एक मोठा आधार होता. इतक्या खाली येईपर्यंत द्रव द्रवच राहतो, आणि गोठायची वेळ येते तोवर अणूंची हालचाल बरीच मंदावलेली असते. तरीही ही काच नाजूक निघाली. खोलीच्या तापमानाला नुसती ठेवली तरी तिच्यात स्फटिक उगवू लागत. आणि हाती आली ती किती? जेमतेम १० मायक्रॉन जाडीचे, वेड्यावाकड्या कडांचे कपटे.

जाडीची ही मर्यादा कारागिरीतली उणीव नव्हती. उष्णता धातूच्या पोटातून पृष्ठभागापर्यंत यावी लागते, आणि त्यासाठी लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की थंड व्हायला चौपट वेळ लागतो. १० मायक्रॉनवरून १ मिलिमीटरवर गेलात तर वेळ १०,००० पट होतो. तांब्याची पट्टी कितीही थंड ठेवा, बंदूक कितीही जोरदार करा, या हिशेबातून सुटका नाही. मग मार्ग दोनच उरतात. एक, असे मिश्रण शोधायचे की ज्याला घाई लागत नाही. दोन, गोठवणे आणि घडवणे ही कामे वेगळी करायची: धातू बारीक कणांत गोठवून काच करायची, आणि मग ते कण स्फटिक न होऊ देता एकमेकांना जोडायचे. पहिल्या मार्गाने जास्त कीर्ती मिळवली. या लेखाचा विषय दुसरा मार्ग आहे.

लहान कणांत गोठवण्याचा फायदा ड्युवेझच्याही आधी डेव्हिड टर्नबुलने दाखवला होता. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करताना, १९५० च्या आसपास, त्याने द्रव धातूंचे बारीक थेंब करून ते सावकाश थंड केले. मोठ्या घोटात एखादा कचऱ्याचा कण असतोच, आणि स्फटिक त्याच्याभोवती उगवायला सुरुवात करतो. एकाची लागण साऱ्या घोटाला होते. तोच घोट हजारो थेंबांत वाटला, की कचरा मोजक्या थेंबांच्या वाट्याला येतो, बाकीचे स्वच्छ राहतात. निकेलचे असे थेंब गोठणबिंदूच्या ३०० अंशांहून अधिक खाली जाऊनही द्रवच राहिले. त्या काळी धातूंबद्दल असे कुणाला फारसे वाटत नव्हते. काच मऊ होण्याचे तापमान वितळबिंदूच्या जितके जवळ, तितकी काच सहज होते, हे सूत्रही टर्नबुलचेच. पुढच्या अनेक मिश्रणांचा शोध त्याच्या आधारे झाला.

१९७० च्या दशकात फिती आल्या. वेगाने फिरणाऱ्या थंड चाकावर वितळलेल्या मिश्रणाची बारीक धार सोडली, की ती क्षणात गोठून फितीसारखी बाहेर पडते. न्यू जर्सीच्या अलाइड केमिकल कंपनीने लोह, निकेल, फॉस्फरस, बोरॉन यांच्या अशा फिती ‘मेटग्लास’ या नावाने विकायला काढल्या. लोखंडाच्या काचेचे चुंबकत्व सहज उलटसुलट होते, म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ती वापरली की रिकाम्या चालण्यात वाया जाणारी वीज नेहमीच्या सिलिकॉन पोलादाच्या तुलनेत एक-तृतीयांशावर किंवा त्याहूनही खाली येते. ताकद पाहिली तर लोखंडी काचेच्या फितीची ३००० मेगापास्कलच्या वर जाते. पण फीत २५ ते ५० मायक्रॉन जाडीची. गुंडाळून गाभा करता येतो. तिचा दंतचक्र, बेअरिंग किंवा पाते होत नाही. इतकी ताकद हाती असून ती कागदाएवढ्या जाडीत अडकून पडावी, ही त्या काळच्या धातुशास्त्रज्ञांची खरी तळमळ होती.

फितींचे तुकडे करून, दळून भुकटी होत होती. द्रव धातूच्या धारेवर वायूचे जोरदार झोत मारून थेट गोल थेंबांची भुकटीही मिळत होती. चाळणीने बारीक कण वेगळे काढले की ते काच असत. जाडे थेंब सावकाश गोठून स्फटिक झालेले असत. प्रश्न जोडण्याचा होता. साधे सिंटरिंग इथे चालणार नव्हते. त्यात अणू फिरते व्हावेत म्हणून तासन् तास तापवत ठेवतात, आणि काचेतले अणू फिरते झाले की ते आधी स्फटिकाच्या रांगांत उभे राहतात. जोडणीला जी हालचाल हवी, त्याच हालचालीने काच मरते. त्या काळच्या बहुतेक धातुकाचांमध्ये मऊ होण्याचे तापमान आणि स्फटिक होण्याचे तापमान जवळजवळ एकावर एक होते. न तापवता नुसते दाबावे, तर कण इतके कठीण की ते चेपतही नाहीत.

उत्तर आधी आले ते स्फोटकांच्या जगातून. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा म्हणजे अण्वस्त्रांचे काम करणारी जागा. आघातलहर कुठे कशी पोचेल याचा हिशेब तिथल्या लोकांच्या हाताखालचा. तिथे क्लाइन आणि हॉपर यांनी १९७७ साली स्फोटाच्या दाबाने झटपट गोठवलेला धातू एकसंध करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. धातूच्या नळीत माल भरायचा, बाहेरून स्फोटक लावायचे आणि एका टोकाकडून पेटवायचे. आघातलहर नळीवरून सरकत जाते आणि मायक्रोसेकंदांत आतले सगळे घट्ट दाबले जाते.

ही रीत मला फार देखणी वाटते, कारण ती उष्णतेच्या त्याच जुन्या नियमाला आपल्या बाजूने वळवते. लहर कणांच्या थरातून जाताना कण एकमेकांवर घासले जातात, पोकळ्यांमध्ये धातू भसकन घुसतो, आणि सगळी उष्णता कणांच्या कातडीवरच निर्माण होते. कातडीचा पातळ थर वितळतो, शेजाऱ्याच्या कातडीत मिसळतो. कणाचा पोटातला भाग मात्र थंडच असतो, कारण तिथवर उष्णता पोचायला वेळ मिळालेला नसतो. मग तो थंड भाग वितळलेल्या थराची उष्णता शोषून घेतो आणि थर पुन्हा काच होऊन गोठतो. ड्युवेझच्या तांब्याच्या पट्टीचे काम इथे प्रत्येक कण स्वतःसाठी करतो.

१९८४ साली हे काम पसाडीनालाच, कॅलटेकमध्ये, बारकाईने झाले. थॉमस अहरेन्स हा भूभौतिकीचा माणूस. उल्का ग्रहावर आदळते तेव्हा खडकाचे काय होते हे पाहण्यासाठी तो नमुन्यांवर बंदुकीने गोळे झाडत असे. थॅड व्रीलंड हा धातूंचा जाणकार. कासिराज आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी निकेल, मॉलिब्डेनम, क्रोमियम, बोरॉन यांच्या काचभुकटीवर तीच बंदूक रोखली. स्फोटकापेक्षा बंदुकीत मोजमाप नेमके होते: गोळ्याचा वेग कळला की दाब आणि भुकटीत किती ऊर्जा ओतली गेली ते काढता येते. ऊर्जा कमी पडली तर कण एकमेकांत नुसते रुतत, जडत नसत. फार झाली तर वितळलेला थर जाड होई आणि गोठताना त्यात स्फटिक येत. मधल्या पट्ट्यात काच काच म्हणूनच जोडली जाई. पण दाब ओसरताना परतणाऱ्या लहरी ताण देत आणि तुकड्याला तडे जात. नळीच्या पद्धतीत तर लहरी मध्यरेषेवर एकवटून तिथला धातू वितळवत, कधी आरपार भोक पाडत. लहान चकत्या मिळाल्या, विश्वासाने वापरता येईल असा भाग मिळाला नाही.

त्याच सुमारास भुकटीकडे पाहण्याची दृष्टी बदलणारी आणखी एक गोष्ट घडली. १९८३ साली कॅलटेकमध्ये रिकार्डो श्वार्झ आणि ड्युवेझचा विद्यार्थी विल्यम जॉन्सन यांनी सोने आणि लॅन्थॅनमचे पातळ थर एकमेकांवर ठेवून, पाणी उकळेल त्याहूनही कमी तापमानाला धरून ठेवले, आणि दोन स्फटिकी धातूंमधून काच उगवली. वितळवणे नाही, झपाट्याने थंड करणे नाही. त्याच वर्षी टेनेसीतल्या ओक रिजमध्ये कार्ल कॉख आणि सहकाऱ्यांनी निकेल आणि नायोबियमची साधी भुकटी पोलादी गोळ्यांबरोबर बॉल मिलमध्ये तासन् तास घुसळली. कण चेपतात, फुटतात, पुन्हा एकमेकांत जडतात. थर बारीक होत होत शेवटी स्फटिकाची मांडणीच मोडून पडते. नायोबियम २४०० अंशांच्याही वर वितळते, आणि इथे ते गिरणीत काच झाले होते. भुकटी मिळवण्याची अडचण त्यामुळे बरीच सैल झाली. जोडण्याची अडचण होती तशीच होती.

ती सुटली जपानमध्ये. सेंडाईच्या तोहोकु विद्यापीठात कोतारो होंडा यांनी उभारलेली धातूंची संशोधन संस्था आहे. तिथे त्सुयोशी मासुमोतो यांनी धातुकाचेचे काम अनेक वर्षे लावून धरले होते. त्यांचे सहकारी अकिहिसा इनोउए यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मिश्रणे शोधण्याची दिशा बदलली. दोन धातूंऐवजी तीन, चार. अणूंच्या आकारात ठळक फरक. आणि एकमेकांशी जुळवून घेणारे स्वभाव. लहानमोठे अणू इतके दाट आणि अडचणीने रचले जातात, की स्फटिकाच्या रांगा लावायला कुणाला हलता येत नाही. लॅन्थॅनम-ॲल्युमिनियम-निकेल, मग मॅग्नेशियमची, मग झिर्कोनियमची मिश्रणे आली. १९९१ साली झिर्कोनियम, ॲल्युमिनियम, तांबे आणि निकेल यांच्या एका मिश्रणात काच मऊ होण्याचे आणि स्फटिक उगवण्याचे तापमान यांत १२७ अंशांचे अंतर निघाले.

जोडकामाच्या दृष्टीने या अंतराची किंमत मोठी होती. चिक्कीच्या पाकाला जशी एक वेळ असते, आधी तो ओघळतो आणि ती वेळ टळली की साखर धरतो, तशी धातुकाचेचीही एक वेळ असते. मऊ होण्याच्या तापमानापाशी तिचा दाटपणा सुमारे १०^१२ पास्कल-सेकंद, म्हणजे व्यवहारात दगडच. त्याच्यावर बरेच अंश चढले की दाटपणा लाखो पटींनी उतरतो आणि धातू दाबाखाली मधासारखा सरकू लागतो. जुन्या काचांमध्ये ही वेळ येण्याआधीच स्फटिक येत. झिर्कोनियमच्या काचेत ती कित्येक मिनिटे टिकते. आता भुकटी त्या पट्ट्यात तापवून दाबायची; कण स्वतः वाहतील, फटी भरतील, आणि स्फटिक उगवण्याआधी सगळे पुन्हा थंड करायचे. साध्या सिंटरिंगमध्ये अणू एकेक करून सरकतात. इथे संपूर्ण कणच वाहतो, म्हणून तासांचे काम मिनिटांवर येते.

तरी एक शत्रू उरलाच होता. झिर्कोनियम आणि ॲल्युमिनियम ऑक्सिजनला सोडत नाहीत. भुकटीच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडची अतिपातळ साल असते. कण कितीही मऊ होऊन एकमेकांना चिकटले, तरी मध्ये ती साल राहिली तर जोड कच्चा. योशिहितो कावामुरा, इनोउए, मासुमोतो आणि सहकाऱ्यांनी त्यावर काढलेला तोडगा १९९५ साली प्रसिद्ध झाला. वायूच्या झोताने बनवलेली झिर्कोनियम मिश्रणाची बारीक भुकटी डब्यात बंद करायची, मऊ पट्ट्यात तापवायची, आणि डब्यासकट अरुंद तोंडातून दाबून बाहेर काढायची. अरुंद तोंडातून जाताना कण लांब ताणले जातात. त्यांचा पृष्ठभाग कित्येक पट वाढतो. साल ताणली जात नाही, ती तुकडे तुकडे होते, आणि तिच्या फटींमधून आतला स्वच्छ धातू शेजाऱ्याच्या स्वच्छ धातूला भिडतो. निघालेली कांडी पूर्ण भरीव होती, एक्स-किरणांत काचच होती, आणि खेचून तोडताना तिची ताकद मूळ काचेच्या तोडीची भरली. भुकटीतून बनवलेली धातुकाच खेचण्याच्या ताकदीत मूळ काचेची बरोबरी करू शकते, हे त्या कांडीने दाखवले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

जगाचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. १९९३ साली कॅलटेकमध्ये अताकान पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियम यांचे मिश्रण काढले. सेकंदाला एखादा अंश इतक्या सावकाशीनेही ते काच होई. साच्यात ओता, थंड होऊ द्या, झाले. गोल्फच्या काठ्या आल्या. सूर्यवाऱ्याचे कण पकडायला २००१ साली गेलेल्या ‘जेनेसिस’ यानावरच्या संग्राहकांत या घराण्याची काच बसवली गेली. तोहोकुत पॅलेडियमच्या मिश्रणाची ७२ मिलिमीटर व्यासाची कांडी ओतली गेली. ओतकामाचे हे यश खरे आहे. पण ओतता येणाऱ्या मिश्रणांची यादी पाहिली की पॅलेडियमची किंमत दिसते, बेरिलियमच्या धुळीचा फुप्फुसांना असलेला धोका दिसतो. जे धातू खरोखर मुबलक आणि स्वस्त आहेत, त्यांना ही सवलत मिळालेली नाही. लोखंडाच्या काचेची ओतलेली कांडी २००४ च्या सुमारास, इट्रियमसारखी भर घालून, १२ मिलिमीटरपर्यंत पोचली. ॲल्युमिनियमची काच १९८८ पासून माहीत आहे, पण ओतून ती जेमतेम १ मिलिमीटर जाडीची निघते. या दोन धातूंना जाड व्हायचे असेल, तर भुकटी लागतेच.

आणि भुकटीला वेळ वाचवणारी भट्टी हवी. ती जपानमध्येच आकाराला आली. कियोशी इनोउए (तोहोकुच्या इनोउएंचा फक्त आडनावबंधू) याने १९६० च्या दशकात भुकटीतून थेट विजेचा प्रवाह सोडून ती जोडण्याची पेटंटे घेतली. १९९० च्या दशकात सुमितोमो कोल मायनिंगने तसली यंत्रे बाजारात आणली, आणि स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग हे नाव प्रयोगशाळांमध्ये रुळले. ग्रॅफाइटचा पोकळ साचा, वरून-खालून ग्रॅफाइटचे पंच, मध्ये भुकटी. पंचांवर दाब, आणि त्यांच्यातूनच कमी व्होल्टेजची पण हजारो अँपिअरची स्पंदित वीज. बाहेरची भट्टी तापायची वाट पाहावी लागत नाही. साचा आणि भुकटी स्वतःच तापतात, मिनिटाला शंभर अंश किंवा त्याहून जलद. कणांच्या मध्ये ठिणग्या आणि प्लाझ्मा होतो असे आधी मानले गेले. २००८ साली कॅलिफोर्नियात काळजीपूर्वक मोजणी झाली तेव्हा प्लाझ्मा सापडला नाही. गुण आहे तो वेगाचा आणि दाबाचा.

ग्रॅफाइट १०० मेगापास्कलच्या आसपास दाबाला फुटू लागते. म्हणून कठीण काचांसाठी टंगस्टन कार्बाइडचे साचे आले, आणि दाब ६०० मेगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ६००० पट, नेता आला. दाब वाढवला की तापमान कमी ठेवता येते, तापमान कमी ठेवले की स्फटिकांना उशीर होतो. तोहोकुत ग्वोच्यांग शिए, इनोउए आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून झिर्कोनियम आणि निकेलच्या काचांच्या २० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या या यंत्रात केल्या. त्यांतल्या काही मुद्दाम सच्छिद्र होत्या: दाब आणि ताप आवरता घेतला की कणांमधल्या पोकळ्या राहतात आणि हलकी, लवचीक काच मिळते. हाडाला जोडायच्या भागांसाठी अशा सच्छिद्र काचेचा विचार झाला. दाब आणि ताप यांनी पोकळी राखण्याची ही रीत ड्युवेझ आणि मार्टेन्सना लगेच ओळखता आली असती.

भारताचा या इतिहासात वाटा जुना आहे. बनारस हिंदू विद्यापीठात टी. आर. अनंतरामन यांनी १९६० च्या दशकातच द्रव धातू झटपट गोठवण्याचे काम सुरू केले. पी. रामचंद्र राव, सी. सूर्यनारायण, श्रीकांत लेले अशी मंडळी त्या विभागात घडली. ड्युवेझच्या शोधाला दहा वर्षे झाली तेव्हा त्या दशकाचा जो जगभर वाचला गेलेला आढावा १९७१ साली आला, तो अनंतरामन आणि सूर्यनारायण यांनी लिहिलेला. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्रात श्रीकुमार बॅनर्जी आणि जी. के. डे यांनी झिर्कोनियमच्या काचा स्फटिक कशा होतात याचा खोलवर अभ्यास केला. अणुभट्टीच्या इंधननळ्या झिर्कोनियमच्या असल्याने तो धातू त्या केंद्राच्या अंगवळणी पडलेला होता. काच जोडणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते: कोणत्या तापमानाला, किती मिनिटांनी, कोणता स्फटिक आधी डोके वर काढतो. पुढे खरगपूरच्या आयआयटीत ॲल्युमिनियमची काचभुकटी बॉल मिलमध्ये करून ती स्पार्क प्लाझ्मा यंत्रात दाबण्याचे प्रयोग झाले.

ॲल्युमिनियमच्या काचेच्या बाबतीत काम अजून अवघड आहे. तिची मऊ वेळ अरुंद, आणि तिच्यावरची ऑक्साइडची साल सर्वांत चिवट. साच्यातल्या तापमापकाची सुई जे दाखवते, त्यापेक्षा कणांच्या माना जास्त तापलेल्या असतात, कारण वीज तिथेच एकवटते. म्हणून कण आतून काच आणि मानेशी बारीक स्फटिक, अशी सरमिसळ अनेकदा मिळते. तुकडा चेपण्याच्या चाचणीत जोमाने उतरतो. खेचण्याच्या चाचणीत कणांच्या जुन्या सीमारेषांवरूनच तुटतो. कावामुराच्या अरुंद तोंडाने सालीचे जे तुकडे केले, ते सरळ दाबणाऱ्या पंचाला तितके साधत नाही.

लोखंडी काचेत मात्र कणांभोवतीची अशी सालच कामाची ठरली. चुंबकाचा गाभा उलटसुलट प्रवाहात काम करतो तेव्हा धातूच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि तो तापतो. कणाकणांमध्ये वीज न वाहू देणारा थर असला की हे भोवरे एका कणापुरते राहतात. म्हणून इथे भुकटी पूर्ण एकजीव होऊ न देता, प्रत्येक कणाभोवती थर राखून दाबली जाते. जपानच्या आल्प्स इलेक्ट्रिकने तोहोकुच्या साथीने ‘लिक्वॅलॉय’ नावाची लोखंडी काचभुकटी याच कामासाठी काढली. राळेत कालवून दाबलेल्या या भुकटीचे नखाएवढे गाभे लॅपटॉपच्या वीजपुरवठ्याच्या मंडलात तांब्याच्या वेटोळ्यांभोवती बसवले गेले.